काष्टीचा बाजार, पाथर्डीचा गोलकीपर

रजा मंजूर झाली, इथूनच माझा संशय सुरू झाला. एसटीत कंडक्टर म्हणून इतकी वर्षं काढली, पण दिवाळीनंतरच्या गर्दीत मागितली तेवढी आणि मागितली तेव्हा रजा कधी मिळाली नव्हती. साहेबांनी "फुटबॉल बघायला? नगरला?" असं दोनदा विचारलं आणि सही करून टाकली. डेपोच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी कान मागे ठेवूनच चालत होते. आता कोणीतरी हाक मारणार आणि रजा रद्द झाल्याचं सांगणार, याची खात्रीच होती. कोणी हाक मारली नाही, त्यामुळे तर जास्तच चुकल्यासारखं वाटलं.

या ब्लॉगच्या नेहमीच्या वाचकांना माझा स्वभाव माहीत आहे. नवीन आला असाल तर सांगते, मी लॉजवर गेले की आधी गादी उचलून बघते, शहाळं घेताना बोटाने वाजवून बघते आणि कोणी फार गोड बोललं की पर्सची चेन तपासते. हा दोष माझा नाही, नोकरीचा आहे. तिकीट न काढलेला माणूस मी जवळ आले की खिडकीबाहेर फार मन लावून बघायला लागतो. बाहेर काहीही नसतं, नुसता डांबरी रस्ता असतो, पण तो बघत राहतो. असे चेहरे इतकी वर्षं बघितल्यावर माणसाचं जे होईल, ते माझं झालं आहे.

तर, नगर आणि फुटबॉल. हसू नका. नगर जिल्ह्यात सध्या एक व्यावसायिक फुटबॉल लीग चालते. संघांना मालक आहेत, खेळाडूंचा लिलाव होतो, प्रत्येक मॅचचं मानधन मिळतं. पावसाळा सरता सरता साखळी सामने होतात आणि दिवाळीनंतर पहिल्या चार संघांची बाद फेरी. हरला तो घरी. यंदा माझा भाचा सागर पाथर्डी पँथर्सचा गोलकीपर होता आणि पँथर्स चक्क फायनलला पोचले होते. उपांत्य फेरीत त्यांनी नागापूरच्या संघाला हरवलं होतं. गंमत म्हणजे सागर नोकरीला नागापूर एमआयडीसीतच, एका वर्कशॉपमध्ये लेथवर. आपल्याच शेजारच्या मशीनवरच्या पोराची पेनल्टी त्याने अडवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच डब्यातली भाजी खाल्ली. फायनल रविवारी होती, काष्टी किंग्जबरोबर.

सागर माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा मुलगा. सुमनला पाथर्डी तालुक्यात दिली. तिकडे पाऊस कमी, त्यामुळे दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. ती आणि भाऊजीही दरवर्षी जातात. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला टोळीत कोणी घेत नाही. यंदा पाथर्डीकडच्या मुकादमांनी म्हणे फायनलसाठी ट्रक सोमवारपर्यंत थांबवले होते. सुमनला मात्र सामानाची बांधाबांध होती. तिचा फोन आला, "अक्का, तू जाशील का गं? मी मोबाईलवर बघीन, पण त्याचं रक्ताचं कुनीतरी तिथं पायजे." म्हणून मी निघाले.

पुण्याहून नगरला शिरूरमार्गे सरळ गाड्या आहेत, वेळही कमी लागतो. मी शनिवारी सकाळी मुद्दाम दौंड-काष्टीचा रस्ता धरला, कारण काष्टीला त्या दिवशी जनावरांचा बाजार होता आणि एवढ्या वर्षांत तो माझ्याकडून राहूनच गेला होता. बायकांना एसटीला अर्धं तिकीट असल्यामुळे हा वळसा परवडतो. दौंडपर्यंत मी त्या गाडीच्या कंडक्टरवर नजर ठेवून होते. पाटसला चढलेल्या दोघांना तिकीट द्यायला तो विसरतोय असं वाटलं, मी खाकरले, त्याने माझ्याकडे बघून तिकिटं फाडली. आपापसात आम्हाला तेवढं पुरतं. दौंड सोडून भीमा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस लागतो आणि रस्त्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर दिसायला लागतात. काष्टीला उतरल्यावर बाजाराचा पत्ता विचारावा लागत नाही, शेणाचा वास आणि हंबरणं आपल्याला घेऊन जातं.

बाजार बघायचा तर सकाळी लवकर जा, पायात चपला नकोत, बूट घाला. एका बाजूला शेळ्या-बोकडं, एका बाजूला संकरित गाई, आणि मग बैल. झाडाखाली भेळभत्त्याच्या गाड्या आहेत. मी एक पुडा घेतला, शेव ताजी आहे का ते आधी चावून बघितलं, आणि एका शेळीवाल्या आजींच्या शेजारी टेकले.

समोर दोन माणसं एकमेकांचा हात धरून उभी होती. हातांवर टॉवेल टाकलेला. दोघं आभाळाकडे बघत होते, तोंडातून शब्द नाही, पण टॉवेलखाली काहीतरी वळवळत होतं.

"आजी, हे काय चाललंय?"

"सौदा चाललाय. बोटं धरून भाव सांगत्यात. येक बोट धरलं, दोन धरली, आख्खा पंजा धरला, तसा तसा भाव. भवतालच्यांना कळाय नगं ना."

"आणि पटला नाही तर?"

"पटला न्हाई तर हात सोडायचा. धरून ऱ्हायला म्हंजी पटलाय. मग जनावरावर गुलाल टाकत्यात, की हे इकलं म्हनून." आजींनी माझ्या पुड्यातली चिमूटभर शेव घेतली. "तुमी कुटल्या? पुन्याच्या? तरीच."

उघड्या बाजारात, शेकडो लोकांसमोर, कापडाखाली व्यवहार. मला तो प्रकार भयंकर आवडला आणि तितकाच संशयास्पद वाटला. मी पुडा गुंडाळून बैलांच्या दावणीकडे गेले, हात बघत, चेहरे बघत. आणि एका पांढऱ्या टेम्पोच्या आडोशाला मला सागर दिसला.

आधी वाटलं भास झाला. त्या वेळी तो नागापूरला वर्कशॉपमध्ये असायला हवा होता, तसं त्याने सकाळीच फोनवर सांगितलं होतं. पण तोच होता. त्याच्यासमोर एक जाडजूड माणूस, पांढरी टोपी, कपाळावर बुक्का. दोघांचे हात एकमेकांत. हातांवर लाल काठाचा टॉवेल.

मी एका बैलाच्या मागे उभी राहिले. सागर खाली बघत होता. तो माणूस मधूनच त्याच्या कानाशी काहीतरी बोलायचा आणि पुन्हा बोटं दाबायचा, टॉवेलचं कापड हलताना मला दिसत होतं. पोराने हात सोडला नाही. बराच वेळ सोडला नाही. शेवटी त्या माणसाने टॉवेल काढला, हसत हसत खिशातून गुलालाची पुडी काढली आणि चिमूटभर गुलाल सागरच्या बाहीवर चोळला.

मी शेजारच्या बैलवाल्याला विचारलं, "ते टोपीवाले कोण हो?"

"नाना ते. जनावरांचे मोठे व्यापारी हायती. आन् आपल्या फुटबॉल टीमचे मालक. काष्टी किंग्ज."

उद्या फायनल. काष्टी विरुद्ध पाथर्डी. पाथर्डीचा गोलकीपर काष्टीच्या मालकाचा हात धरून बाजारात उभा, आणि अंगावर गुलाल. आयुष्यभर परक्या माणसांवर संशय घेतला, त्याची मजाही वाटायची, पण आपल्या माणसावर घ्यायची वेळ आली तेव्हा त्यात मजा कसलीच नव्हती. मी त्याला हाक मारली नाही. तो एका जीपमध्ये बसून निघून गेला, आणि मी तशीच उभी राहिले, बैलाने माझ्या ओढणीचं टोक चघळायला घेईपर्यंत.

काष्टीहून नगरची गाडी मिळायला त्रास नाही. पाटीवर आता अहिल्यानगर असतं, ओरडणारे मात्र अजून "नगर, नगर" ओरडतात. वाटेत चिखलीच्या घाटात मोकळी हवा लागते, एरवी मी फोटो काढले असते. या वेळी एकही काढला नाही, म्हणून या पोस्टमध्ये रस्त्याचे फोटो नाहीत, माफ करा.

संध्याकाळी नागापूरला सागरच्या खोलीवर गेले. नगर बसस्थानकावरून एमआयडीसीकडे शेअर रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवून घ्या. सागर फाटकापाशीच उभा होता. वाकून पाया पडला, पिशवी घेतली. त्याच्या शर्टाची बाही धुतलेली होती, पण गुलाल एका धुण्यात जात नाही.

"हे काय रे लाल?"

"कंपनीत पूजा होती मावशी. नवीन मशीन आलंय." आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला.

बाहेर काही नव्हतं. पत्र्याची शेड होती.

रात्रीचं जेवण त्याच्या मेसमध्ये झालं, हुलग्याचे शेंगोळे आणि भाकरी. नगरला गेलात तर शेंगोळे सोडू नका, वर कच्चा कांदा मागून घ्या. मी मात्र भाकरी नुसती कुस्करत बसले. तो चांगला वागत होता, तेच मला छळत होतं. ताटात वाढत होता, पुण्याच्या गप्पा विचारत होता. "आई बोलली का काही?" असंही त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, "काय बोलणार? सामान बांधतीय." तो हं म्हणाला.

विचारून टाकावं असं किती वेळा ओठांवर आलं. पण विचारलं आणि त्याने पुन्हा खोटं सांगितलं, तर मग मी काय करणार होते? दुसऱ्याकडून खोटं ऐकायला मी पगार घेते. याच्याकडून मला ते ऐकायचं नव्हतं.

रविवारी सकाळी मैदानावर लवकर गेले. शहरातल्या एका कॉलेजचं मैदान, लोखंडी पाइपांवर फळ्या टाकून बसायची सोय केलेली, बायकांना प्रवेश मोफत. फाटकाबाहेर पाथर्डीकडून आलेल्या जीपांची रांग लागली होती. माणसं टपावर बसून आली होती. बायका जाळीला टेकून भाकरी खात होत्या. उद्या त्यांतले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या उसाच्या फडात असणार होते. एक बाई दुसरीला सांगत होती, "मुकादम म्हनला आजचाच दिस. म्हनलं आजच पायजे, उद्या कोन इचारतंय?"

पाथर्डीचे कोच गर्जे सर गोलपोस्टची जाळी ओढून बघत होते. शाळेत खेळाचे शिक्षक आहेत, घसा रोजचाच बसलेला. मी सागरची मावशी म्हणून ओळख सांगितली. त्यांना सगळं सांगायचं असं ठरवूनच मी गेले होते. एवढी माणसं आपला दिवस मोडून आली आहेत, त्यांची फसवणूक होत असेल तर मी गप्प कशी बसू?

"सर, कीपरविषयी जरा बोलायचं होतं."

"बोला की ताई. पन आधी आमचं ऐका," ते म्हणाले. "हा पोरगा नसता तर आमी साखळीतच बाद झालो असतो. दुसरा कीपर आमच्याकडं न्हाई. होता त्यो मागच्याच आठवड्यात तोडीला गेला. सागरवरच हाय सगळं." मग हसून म्हणाले, "काय म्हणत होतात?"

मी म्हटलं, "त्याला ऊन सोसत नाही, टोपी द्या." आणि मागे फिरले. भित्री म्हणा हवं तर. पण टॉवेलखाली दिसलेल्या हातावरून पोराला मैदानाबाहेर बसवायचं, एवढी खात्री माझ्याकडे नव्हती. गाडीतून उतरवायचं तर प्रवाशाकडे तिकीट नाही हे आधी बघावं लागतं.

मी बसले मात्र काष्टीच्या लोकांत. नानांच्या मागच्याच फळीवर. लक्ष ठेवायचं तर जवळून.

मॅच सुरू होण्याआधी सत्कार झाले, नारळ झाले, भाषणं झाली, रेफ्रीला फेटा बांधला आणि त्याने तो लगेच काढून ठेवला. मग शिटी वाजली. फुटबॉल मला फार कळत नाही. मी चेंडू बघतच नव्हते, सागरला बघत होते. तो हात झटकत उभा होता. पुढच्या फळीवर नाना शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "निवांत बस. कीपर आपला हाय."

शेजारी म्हणाला, "नक्की का नाना?"

"बाजारात हात धरून ऱ्हायलाय. आनखी काय पायजे?"

मला वाटलं ऐकू नये. पण ऐकलं होतं.

पहिल्या अर्ध्यात काष्टीच्या एका पोराने लांबून, खरं तर कंटाळूनच, चेंडू मारला. जमिनीलगत, हळू, माझ्या म्हातारपणी मीही अडवला असता असा. सागर खाली बसला, हात पुढे केले आणि चेंडू त्याच्या दोन्ही हातांच्या मधून गोलमध्ये गेला. काष्टीच्या फळ्या दणाणल्या. जाळीपलीकडे पाथर्डीच्या बायका गप्प झाल्या. नानांनी मागे वळून बघितलंही नाही, नुसती मान डोलावली, भाव पटल्यावर डोलावतात तशी.

मी रडले. सांगायला लाज नाही. शेजारच्या काष्टीच्या बाईला वाटलं मी आनंदाने रडतेय, तिने मला पेढा दिला.

मध्यंतरात मी उठून जाळीपाशी गेले. सागर पाण्याची बाटली डोक्यावर ओतत होता. त्याने मला काष्टीच्या बाजूने येताना बघितलं, आणि नानांनाही बघितलं. चेहरा असा झाला, जणू मी तिकीट मागितलं आहे. मग गर्जे सरांनी त्याला हाक मारली.

दुसऱ्या अर्ध्यात तो वेगळाच खेळला. मला खेळ कळत नाही असं म्हटलं, पण एवढं कळत होतं. काष्टीच्या पोरांनी जवळून मारलेले चेंडू तो अंगावर घेत होता. एकदा तर खांबावर आपटला, पडून राहिला, पुन्हा उठला. नानांची मान डोलायची थांबली. "हे काय करतंय?" असं ते दोनदा स्वतःशीच म्हणाले. मॅच संपत आली तेव्हा पाथर्डीला कॉर्नर मिळाला आणि त्यांच्या उंच बॅकने डोक्याने गोल केला. जीपांच्या टपांवरून जो आवाज आला, तो मी कधी विसरणार नाही.

बरोबरी. लीगचा नियम असा की फायनल जादा वेळेत नेत नाहीत, सरळ पेनल्टी. एकेक पोरगा येतो, चेंडू ठेवतो, समोर फक्त गोलकीपर. नाना आता उभेच होते. टॉवेल खांद्यावरून काढून मुठीत धरला होता. दोन्हीकडचे बरेच गोल झाले. शेवटी काष्टीचा एक पोरगा आला, तो हुकला तर पाथर्डी जिंकणार. नाना ओरडले, "मार बिनधास!"

त्याने मारला. सागरने डावीकडे उडी घेतली आणि चेंडू त्याच्या मनगटाला लागून बाहेर गेला.

पुढचं मला नीट आठवत नाही. पाथर्डीच्या माणसांनी जाळी वाकवली. गर्जे सरांचा बसलेला घसाही फुटला. आणि माझ्या पुढे नाना मटकन फळीवर बसले. मला ते आपल्यातलीच समजत होते, म्हणून माझ्याकडेच वळले.

"बाई, तुमीच सांगा. हात धरून ऱ्हायला हुता. भाव वाढवत वाढवत पार वर गेलो, तरी सोडला न्हाई. आमच्याकडं हात सोडला न्हाई म्हंजी सौदा झाला. बापजाद्यांपासून असंच हाय. ही फसवनूक न्हाई का?"

"आहे की," मी म्हटलं. "तक्रार पुस्तकात लिहा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कुठल्या पुस्तकात आणि कोणाकडे लिहिणार, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. कारण ते टॉवेल झटकून निघून गेले, आणि जाताना बिचाऱ्यांनी मागे पडलेली माझी पिशवी उचलून हातात दिली. चेन मी तपासली. सवय.

सागर भेटला तेव्हा त्याचं मनगट सुजलं होतं. खांद्यावर या वेळी भरपूर गुलाल होता, पाथर्डीवाल्यांनी उधळलेला. मी त्याला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं, "काल मी काष्टीला होते. बाजारात."

त्याने सुजलेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं. "व्हय," मग म्हणाला. "मला आत्ता कळलं ते, हाफटाईमला."

"हात का धरून ठेवलास?"

"बघायचं होतं मावशी, कुठवर जातात ते." तो हसला. "लेथवर मला कुणी इचारत न्हाई. म्हटलं, आपली किंमत तरी एकदा कळावी."

"आणि तो पहिला गोल?"

"त्यो सुटला. खरंच सुटला." या वेळी तो खिडकीबाहेर बघत नव्हता. खिडकीच नव्हती म्हणा. माझ्याकडे बघत होता, आणि डोळे भरलेले होते. मी विश्वास ठेवला. पूर्ण नाही, माझ्या स्वभावाला जमेल तेवढा. तरुण पोराला आपली किंमत कळावीशी वाटते, यात मला काही खोटं दिसलं नाही. थोडी घाण वाटली, पण खोटं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पाथर्डीच्या लोकांत ढकललं.

सोमवारी सकाळच्या गाडीने शिरूरमार्गे परत आले. सुप्याच्या अलीकडे चहाला गाडी थांबते, तिथला चहा पाणचट आहे, पुढे शिरूरला घ्या. बाद फेरी बघायला जायचं असेल तर सोबत छत्री आणि पाणी न्या, फळ्यांवर सावली नाही. बाजार आणि मॅच एकाच फेरीत उरकतात. एवढं लिहून ही पोस्ट संपवणार होते.

घरी येऊन पिशवी उघडते तोच सुमनचा फोन आला. मागे ट्रकचा आवाज, माणसांची हाकाहाक, कोणाचंतरी कोंबडं ओरडत होतं. निघाले होते ते.

"जिंकला गं तुझा पोरगा," मी म्हटलं. "काय उडी मारली! बघितलीस ना?"

"बघितली." ट्रकच्या आवाजातून ती जरा बाजूला आली असावी. "अक्का, नाना तुला भेटले का?"

मी खुर्चीत बसले. "कोण नाना?"

"काष्टीचे. ते घरी आले हुते मागच्या आठवड्यात. सागरचा नंबर म्याच दिला त्यांना. सागरला म्हटलं, जा, बस त्यांच्याशी, ऐकून तरी घे. त्यो न्हाईच म्हनत हुता. म्या लई बोलले त्याला. मग गेला." ट्रकवर कोणीतरी तिला चढायला सांगत होतं. फोनवर हात ठेवल्यासारखं तिचं "आले" दबून ऐकू आलं. "येक मॅच हरला असता तर काय बिघडलं असतं गं? कंबर मोडलीय माझी. येक वर्स घरी ऱ्हायले असते."

त्या पोराने आईच्या शब्दाखातर हात धरून ठेवला होता. पहिल्या गोलपर्यंत त्याचं काय चाललं होतं ते त्यालाच माहीत. आणि मग तोच पोरगा माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून उभा राहिला आणि आपल्याला आपली किंमत कळून घ्यायची होती असं सांगून सगळा दोष त्याने स्वतःच्या अंगावर घेतला. आईचं नाव निघू दिलं नाही. इतकी वर्षं मी माणसांचे चेहरे वाचते म्हणते, आणि त्याचं खोटं मला कळलं नाही.

"अक्का? हायेस का?"

"आहे."

"मी वाईट हाय का गं?"

"नाही," मी म्हटलं. एवढ्या लगेच मी आयुष्यात कोणाविषयी नाही म्हटलेलं नाही. मग विचारलं, "कमरेचा पट्टा घेतलास का?"

"घेतलाय. बांधलाय," ती म्हणाली, आणि ट्रक हलला.